कोरड्या मुलखातून दर्या: तांका आणि समलिंगी नायकाची सागरी साहसकथा, नव्या लिहिणाऱ्यांसाठी

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र लागत नाही. त्यामुळे जहाजावरची साहसकथा लिहायची म्हटलं की इथला नवा लेखक आधीच पाय मागे घेतो. पैठणच्या नाथसागराशिवाय मोठं पाणी पाहिलं नाही, आपल्याला काय जमणार, असा सूर असतो.

माझं मत उलटं आहे. शिडाच्या जहाजावर जगणं दोन गोष्टींभोवती फिरतं: मोजून मिळणारं पिण्याचं पाणी आणि कुठंच न मिळणारा एकांत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेलं पाणी ज्यानं लातुरात भरून घेतलंय, त्याला पहिली गोष्ट शिकवावी लागत नाही. आणि तालुक्याच्या गावात, दोन खोल्यांच्या घरात राहून ज्या पोराचा जीव दुसऱ्या पोरावर जडलाय, त्याला दुसरी कुणी शिकवू शकत नाही. शीड, वारा, तोफा ही माहिती आहे, ती मिळवता येते.

नायक समलिंगी असला की एकांताचा प्रश्न कथेचा कणाच होतो. चारचौघांत जे बोलता येत नाही ते कागदावर कुठं ठेवायचं? तांका या छोट्या जपानी कविताप्रकाराचा उपयोग मला तिथं दिसतो. साहसकथेच्या गद्यात धावपळ असते, आणि न बोललेलं तांकेत मावतं. दोन्ही एकत्र कसं लिहायचं, ते पुढे सांगतो.

आधी तांका, जहाज नंतर

कादंबरीला लगेच हात घालू नका. महिनाभर फक्त तांका लिहा.

रचना सोपी आहे. पाच ओळी, ५-७-५-७-७, एकूण ३१. आठव्या शतकात संकलित झालेल्या ‘मान्योशू’ या जपानी संग्रहात साधारण साडेचार हजार कविता आहेत आणि त्यांतल्या बहुतेक याच घाटाच्या. हायकू त्यानंतर कित्येक शतकांनी, वरच्या तीन ओळी सुट्या होऊन आला. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत हायकू घरचा झाला, म्हणून आपल्याला तांका म्हणजे हायकूला जोडलेल्या दोन जादा ओळी वाटतात. पण त्या दोन ओळींतच सगळी गंमत आहे. हायकू पाहिलेल्यावर थांबतो. तांकेत पाहणारा माणूस आत येतो, आणि बहुधा कुणाला तरी काही सांगायचं असतानाच येतो.

मोजायचं कसं? जपानीत दीर्घ स्वराला दोन मोजतात, म्हणजे ते आपल्या मात्रांच्या जवळचं झालं. पण मराठीत ३१ मात्रांत फारच थोडं मावतं. नव्यानं लिहिताना अक्षरं मोजा, अभंगात मोजतो तशी. जोडाक्षर एक, ‘रात’ म्हणजे दोन. मोठ्या अभंगाचं एक कडवं ६-६-६-४ म्हणजे २२ अक्षरांचं असतं, तांकेत त्याच्यापेक्षा नऊ जास्त. मराठी कानाला हे माप परकं वाटत नाही. हात बसला की एखादं अक्षर इकडंतिकडं झालं तरी बिघडत नाही. इशिकावा ताकुबोकू या जपानी कवीनं १९१० च्या संग्रहात तांका चक्क तीन ओळींत छापली, आणि तो आजही तिकडच्या लाडक्या कवींपैकी आहे.

यमक मात्र टाळा. आपल्याला चारोळीची सवय असते, आणि शेवटच्या दोन ओळींत यमक जुळलं की वाचक टाळी देऊन मोकळा होतो, आत काही राहत नाही.

आता एक तांका पाहा. मोजून ३१ अक्षरं आहेत:

मन हे माझे
सागरासम खोल
तुझ्या प्रेमात
बुडून गेलो सख्या
किनारा नाही आता

माप बिनचूक, कविता शून्य. यात जहाज नाही, वारा नाही, माणूसही नाही. ‘सागरासम’ हा शब्द समुद्र न बघितलेल्या माणसाचा आहे, आणि बघितलेल्यानं तो वापरायची गरज नाही. आता तोच प्रसंग घ्या. दोन खलाशी, एकाचा पहारा संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो:

पहारा तुझा
संपला, माझा सुरू
सुकाणूवर
लाकूड ऊन आहे
तुझ्या मुठीएवढं

प्रेम हा शब्द नाही, भेटही नाही. मधली ओळ बघा. ‘माझा सुरू सुकाणूवर’ असं वरच्या बाजूला लागतं आणि ‘सुकाणूवर लाकूड ऊन आहे’ असं खालच्या बाजूलाही. तिसरी ओळ अशी दोन्हीकडं लागू द्यायची. प्रत्येक वेळी साधणार नाही, पण प्रयत्न तिथंच करायचा.

समुद्र नसताना सराव कशावर करायचा? जे समोर आहे त्यावर. मासाओका शिकी या जपानी कवीनं १८९८ मध्ये जुन्या दरबारी कवितेवर सडकून टीका केली. त्याचा आग्रह एकच होता: जे पाहता ते लिहा. तावारा माची या कवयित्रीचा ‘सारादा किनेम्बी’ हा तांकासंग्रह १९८७ मध्ये आला. साधी बोलभाषा, रोजचं खाणं, रोजचं प्रेम, आणि त्याच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. तेव्हा चेरीचा बहर तुम्हाला लागत नाही. आपल्याकडं टँकर आहे:

टँकर आला
घागरींच्या रांगेत
उभा शेजारी
तुझं नाव विचारू
की भरू दे घागर

आणि हे सगळं जपानचं म्हणून बिचकू नका. पैठणच्या सातवाहनांशी ज्याचं नाव जोडलं आहे त्या हालाची गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे सुट्या, दोन-दोन ओळींच्या गाथा. गोदाकाठ, शेत, घर, चोरून भेटणं, आणि मुख्य म्हणजे जे सांगायचं ते न सांगता ठेवणं. तांका लिहिण्याआधी आठवडाभर रोज पाच गाथा एखाद्या मराठी अनुवादातून वाचा. दुसऱ्या कुठल्याही शिकवणीपेक्षा ते जास्त कामाला येईल.

क्रियापद चुगली करतं

जपानी तांकेत ‘मी’ आणि ‘तू’ गाळता येतात. बोलणारा पुरुष की बाई हे कितीदा कळतच नाही. मराठीत ‘थांबलो’ म्हटलं की बोलणारा पुरुष, ‘म्हणालास’ म्हटलं की ऐकणाराही पुरुष. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे सांगायला एक वाक्य खर्चावं लागतं ते आपल्याकडं क्रियापदाच्या शेवटात आपोआप येऊन बसतं. हे ओझं समजू नका, ही सोय आहे. फक्त कुठं उघडायचं ते ठरवून लिहा.

लपवायचं असेल तर ‘मी तुला पाहिलं’ अशी वाक्यं घ्या. तिथं क्रियापद दोघांपैकी कुणाचंच लिंग सांगत नाही. ‘वाटतं’, ‘निघायचं’, ‘विचारू’ हीही त्याच कामाची. पहिल्या काही तांका अशा झाकलेल्या ठेवा आणि मग एकीत उघडा:

तांब्यात पाणी
उरला एक घोट
तू म्हणालास
तहान नाही मला
ओठ फुटले होते

इथं ‘म्हणालास’ मधल्या ‘ला’नं वाचकाला कळतं की समोर कोण आहे. त्यासाठी वेगळी घोषणा लागत नाही.

‘सख्या’, ‘साजणा’ हे शब्द मात्र चार हात लांब ठेवा. लावणीनं आणि भावगीतानं ते बाईच्या तोंडी इतके पक्के बसवलेत की पुरुषानं पुरुषाला म्हटलं तर वाचकाला थट्टा वाटते. हाक मारायला नाव वापरा.

पुरुषांमधल्या प्रेमाची कविता या घाटाला नवी नाही. कितामुरा किगिन या विद्वानानं १६७६ मध्ये अशा प्रेमाच्या जुन्या कविता आणि मजकूर एकत्र केले, आणि संकलनाचं नाव ‘कोकिन्शू’ या दहाव्या शतकातल्या संग्रहातल्या एका कवितेवरून ठेवलं. हाच किगिन हायकूचा मोठा कवी बाशो याचा गुरू.

जहाज कोणत्या काळातलं?

नवे लेखक इथं घोटाळा करतात. डोक्यात कॅरिबियन चाच्यांचा सिनेमा, नावं मराठी, तोफा इंग्रजी, आणि कायदा २०१८ आधीच्या, समलिंगी संबंध गुन्हा मानणाऱ्या भारताचा. एक काळ निवडा आणि त्याच्याशी इमान राखा. मराठवाड्याच्या माणसाला तीन रस्ते सहज मिळतात.

पहिला रस्ता सगळ्यांत जुना आणि माझ्या मते सगळ्यांत सोन्यासारखा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत आपली दोन गावं आहेत: पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरुचला जाई. तिथं नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीचा जोर एवढा की राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी बोटी घेऊन पुढं जात आणि परकी जहाजं सांभाळून आत आणत. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जात. आता सांगा, तेरहून कापडाची गाडी हाकत निघालेला एक गाडीवान आणि भरुचचा एक वाटाड्या कोळी, एवढं मिळाल्यावर आणखी काय हवं? नायकाला समुद्र माहीत नाही, तुम्हालाही नाही. तो जे विचारील तेच तुमच्या वाचकालाही विचारायचं असतं.

या रस्त्यानं जाणार असाल तर तीन ठिकाणं बघून या. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. अजिंठ्याचं लेणं क्रमांक २, जिथं तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे आणि त्यावर मडक्यांची रांग दिसते. आणि संभाजीनगरात विद्यापीठामागच्या डोंगरातलं औरंगाबाद लेणं क्रमांक ७: अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत, त्यांत बुडण्याच्या बेतातलं जहाजही आहे. समुद्र नसलेल्या या मुलखात कुणीतरी ते दगडात कोरलं, कारण इथून माल घेऊन जाणाऱ्यांना त्याची भीती होती.

दुसरा रस्ता आंग्र्यांच्या आरमाराचा. कान्होजी १७२९ मध्ये गेले. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला आणि आरमार बंदरातच जळालं. या दोन तारखांमधल्या वर्षांत हवं तेवढं साहस आहे. पण मराठवाडा तेव्हा निजामाकडं. आपला नायक तिथं पोचला कसा, याचं कारण तयार ठेवा. दुष्काळ, कर्ज, घरच्यांनी ठरवलेलं लग्न, काहीही चालेल.

तिसरा रस्ता आजचा. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा कोर्स करून, सीडीसी हे खलाशाचं ओळखपुस्तक काढून मर्चंट नेव्हीत गेलेला नांदेड किंवा बीडचा पोरगा. वीस-पंचवीस माणसांचं जहाज, महिनोन्‌महिन्यांचं कंत्राट. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, पहारे ठरलेले: आठ ते बारा थर्ड ऑफिसर, बारा ते चार सेकंड, चार ते आठ चीफ. रात्री बारा ते चार काळोखात एक ऑफिसर आणि एक लूकआउट, दोघंच. प्रेमकथेला याहून चांगली जागा लेखकानं मुद्दाम बांधूनही मिळणार नाही. शिवाय सगळ्या प्रांतांची आणि देशांची माणसं असल्यानं जहाजावर हिंदी आणि इंग्रजी चालते, म्हणून दोघंही मराठी असले तर त्यांची भाषाच त्यांचा आडोसा होते. पुढं कुणीतरी तिसरा मराठी माणूस जहाजावर चढतो, असं एक प्रकरण लिहून बघा.

भीती कशाची, हे काळावर ठरतं

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० च्या इंग्रजी कायद्यातून आलं. कान्होजींच्या लढाऊ गुराबेवर ते नव्हतं. तिथं नायकाला भीती असेल ती गोतातल्या लोकांची, लग्नाच्या तगाद्याची, धन्याची मर्जी जाण्याची. पोलिसांची नाही. उलट नायक इंग्रजी आरमारात असेल तर गोष्ट वेगळी. तिथं १७४९ च्या युद्धनियमांत पुरुषांमधल्या शरीरसंबंधाला मृत्युदंड होता आणि तो कागदावरच राहिला नाही: १८१६ मध्ये ‘आफ्रिकेन’ या जहाजावरच्या चौघांना फाशी दिली गेली. डचांनी १७३५ मध्ये रॉबेन बेटावरच्या दोघा कैद्यांना, एक डच खलाशी आणि एक खोइखोइ तरुण, समुद्रात बुडवून मारलं.

दुसऱ्या टोकाला सतराव्या शतकातल्या कॅरिबियन चाच्यांमधली ‘मातलोताज’ची चाल आहे. दोन पुरुष करार करून आपली मालमत्ता एकत्र करत आणि एक मेला तर दुसऱ्याला वारसा मिळे. करार पैशाचा होता हे नक्की. प्रेमाचाही होता का, यावर इतिहासकार भांडतात. कादंबरीकाराला त्या भांडणात पडायचं कारण नाही. तुमच्या दोघांचा करार प्रेमाचा होता एवढं तुम्हाला ठाऊक असलं की पुरे.

आजच्या कथेत सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर भारतात दोन प्रौढांचं परस्परसंमतीचं नातं हा गुन्हा नाही. लग्नाला मान्यता मात्र नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो विषय संसदेकडं सोडला. पण जहाज भर समुद्रात असताना ज्या देशाचा झेंडा त्याचा कायदा, आणि बंदरात लागलं की त्या बंदराच्या देशाचाही. सौदी अरेबिया किंवा इराणच्या बंदरात जहाज थांबलं की ब्रिजवर हसत बोलणारे दोघं एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत. तिथं मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. लॅटिट्यूड बदलला तसं दोघांचं वागणं बदलतं, हे दाखवा.

वारा, पाणी, शब्द

इथं मी भराभर जातो, कारण हे शाळेच्या भूगोलात अर्धं झालेलं असतं. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडं, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडं. म्हणून शिडाचं जहाज पहाटे, मतलई वारा धरून बंदर सोडतं. नायकांना पळायचं असेल तर पहाटेच पळवा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पावसाळ्यात शिडाची जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवत. नारळी पौर्णिमा झाली की दर्या मोकळा. जुलैच्या मध्यात तुमचा नायक गलबत हाकारत असेल तर कोकणातला वाचक तिथंच पुस्तक मिटेल.

गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं मोठं लढाऊ जहाज. गलबत छोटं, चपळ, वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की गलबतं दोरखंड लावून गुराबा ओढत. मोठ्या फिरंगी जहाजाच्या तोफा दोन्ही बाजूंना, म्हणून आंग्र्यांची माणसं पिछाडीनं जात. एवढ्यावर एक लढाई उभी राहते. वेळ तास-मिनिटांत देऊ नका, प्रहर आणि घटकांत द्या. शीड, परबाण (शीड बांधायचं लाकूड), सुकाणू, नाळ (जहाजाचं पुढचं टोक), नांगर, तांडेल (खलाशांचा मुकादम), नाखवा (जहाजाचा मालक), खलाशी एवढे शब्द पहिल्या खर्ड्याला भरपूर झाले. अडलात तर साधं लिहा. ‘जहाजाच्या पुढच्या टोकाला’ यात लाजण्यासारखं काही नाही. आणि चार दिवसांच्या किनारी फेरीत कुणाला स्कर्व्ही करू नका. ताज्या भाजी-फळांवाचून काही आठवडे-महिने गेल्यावरच तो रोग दिसतो.

एकांत किती नव्हता हे कळायला एकच आकडा सांगतो. ब्रिटिश आरमारात खलाशाच्या झुल्याला टांगायला १४ इंच रुंदी मिळे. शेजारचा पहाऱ्यावर असला तरच अंग मोकळं करता येई.

बोली नीट वापरली तर निम्मं काम तीच करते. मराठवाड्याचा पोरगा ‘काय करू लालास?’ म्हणणार, तांडेल ‘काय करतंस रे?’ आणि सुरुवातीला दोघं एकमेकांच्या बोलीला हसणार. चारचौघांत तो तांडेलाला ‘तुम्ही’च म्हणेल. पहिल्यांदा ‘तू’ कधी म्हणतो, ते प्रकरण जपून लिहा. चुंबनापेक्षा मराठी वाचकाच्या अंगावर तेच जास्त येईल.

नायकाला मारू नका

अशा कथांत दोघांपैकी एक शेवटी मरतोच, अशी वाईट खोड आहे. वादळ आलं, एकजण वाहून गेला, दुसरा किनाऱ्यावर बसून आठवणी काढतोय. वाचकाला रडवायला सोपं, म्हणून लेखक ते करतो. साहसकथेचा वाचक नायक जिंकावा म्हणून पानं उलटतो. तुमच्या नायकालाही तोच हक्क आहे.

त्याला आधी कामाचा माणूस करा. वारा ओळखणारा, गणितात पक्का, नाहीतर निदान मार खाऊन उभा राहणारा. त्याचं प्रेम हे त्याचं एकमेव संकट नको. चाचे, फितुरी, फुटलेली डोलकाठी, पाण्याच्या पिंपात मिसळलेलं खारं पाणी ही संकटं सगळ्यांची आणि प्रेम दोघांचं. दोन्ही दोर एकमेकांत अडकतात तिथं प्रकरण संपवा.

दोघंही अठरा वर्षांवरचे, आणि होता होईल तो एका पायरीवरचे ठेवा. कप्तान आणि पोरसवदा नोकर ही जोडी जुन्या सागरी कथांत फार आहे, पण ज्याच्या हातात दुसऱ्याची भाकरी आहे त्याच्या प्रेमावर वाचकाचा विश्वास बसत नाही, बसूही नये. हुद्द्यात फरक हवाच असेल तर खालच्याला नाही म्हणायची एक खरी संधी द्या.

तांका कादंबरीत कुठं बसवायची

नमुना हजार वर्षांपूर्वीचा आहे. कि नो त्सुरायुकी या कवीनं तोसा प्रांतातली सुभेदारी संपवून क्योतोला परतताना झालेल्या ५५ दिवसांच्या प्रवासाची रोजनिशी ‘तोसा निक्की’ या नावानं लिहिली, साधारण ९३५ च्या सुमारास. प्रवास बहुतेक जहाजातून. वारा अडवतो, चाच्यांची धास्ती, नुसतंच बंदरात बसणं, आणि मधेमधे कविता: प्रवाशांच्या, पोरांच्या, मेलेल्या मुलीच्या आठवणीच्या. स्वतः पुरुष असून त्यानं ती बाईच्या तोंडून सांगितली. म्हणजे गद्यात जहाज पुढं सरकतं आणि कवितेत माणूस थांबतो. एवढं उचला.

माझे ठोकताळे असे. लढाईच्या मधे तांका घालू नका, वाचक उडी मारून पुढं जातो. पहारा बदलताना, वारा पडल्यावर, बंदर दिसल्यावर घाला. गद्यात जे सांगून झालं ते तांकेत पुन्हा सांगू नका. उलट गद्यातून एक गोष्ट मुद्दाम काढून घ्या आणि ती फक्त तांकेत ठेवा. वरची तांब्याची तांका आहे ना, तो प्रसंग गद्यात ‘पाचव्या दिवशी पाणी संपलं’ एवढ्या ओळीत उरकायचा. प्रकरणाला एक पुरे, दोन झाल्या तर दुसरी काढा.

तांका लिहितो कोण, हेही ठरवा. आंग्र्यांच्या खलाशाला तांका माहीत असणं शक्य नाही. त्याच्या तोंडी ओवी द्या. गंगाखेडची जनाबाई तोपर्यंत सगळ्या मुलखाला पाठ होती. तांका अशा कथेत लेखकाची, प्रकरणाच्या शेवटी, पात्रांना न कळता. आजच्या जहाजावरचा पोरगा मात्र स्वतः लिहू शकतो. मोबाइलच्या नोट्समध्ये, नेटवर्क नसताना, बारा ते चारच्या पहाऱ्यानंतर. ती नोट दुसऱ्याच्या हाती लागणं हा कथेतला एक चांगला दरवाजा आहे, पण तो एकदाच उघडा.

लिहून झाल्यावर

लांबी पहिल्याच दमात तीनशे पानांची नको. दहा-बारा हजार शब्दांची दीर्घकथा, सात-आठ प्रकरणं, तितक्याच तांका. दिवाळी अंकाला पाठवायची तर याहूनही आटोपशीर करा आणि उन्हाळ्यातच चौकशी करा. दिवाळीच्या तोंडावर संपादकाचा अंक भरलेला असतो.

टोपणनाव घेण्यात कमीपणा नाही. गाव लहान असेल, घर भाड्याचं असेल, बहिणीचं लग्न व्हायचं असेल तर घ्याच. टोपणनावासाठी वेगळा ईमेल काढा, तो घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरणाऱ्या फोनवर उघडू नका, खर्ड्याच्या फाइलला साधं, कंटाळवाणं नाव द्या. मी ‘खत बिल’ असं नाव दिलेली फाइल पाहिली आहे, तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. पात्रांना आळीतल्या, कॉलेजातल्या खऱ्या माणसांची नावं किंवा ओळखू येतील अशा खुणा देऊ नका. तुमचं नाव लपलं तरी त्यांचं उघडं पडतं.

समलिंगी नायकाची कथा लिहिणं, छापणं यात बेकायदा काही नाही. अश्लीलतेची कलमं मात्र सगळ्याच साहित्याला लागू आहेत: छापील मजकुराला भारतीय न्याय संहितेचं २९४, आणि ऑनलाइन मजकुराला आयटी कायद्याचं ६७. शेजेचा प्रसंग लिहायचा तर कथेला लागतो तेवढाच लिहा. हे मी कायद्याच्या भीतीनं म्हणत नाही, १४ इंचांच्या झुल्यात त्याहून जास्त मावतही नाही.

पहिला वाचक कवी नको आणि नात्यातलाही नको. साहसकथा आवडीनं वाचणारा कुणीतरी शोधा आणि त्याला एकच विचारा: कुठं थांबलास? तो तांकेपाशी थांबला असेल तर ठीक. तांका ओलांडून पुढं गेला असेल तर ती तांका काढून टाका आणि प्रकरण तसंच राहतंय का बघा. राहत असेल तर ती नकोच होती.

कविसंमेलनात वाचायची वेळ आली तर प्रत्येक तांका दोनदा वाचा, मधे थांबून. एकदाच वाचली तर लोक पुढच्या कडव्याची वाट बघत बसतात. आणि आधी जहाज, पहारा, कोण कुणाला म्हणतंय असलं काही समजावून सांगू नका. नाव पुकारलं की उठायचं, दोनदा वाचायचं आणि खाली बसायचं.